तडवळ्याची वतनदार परिषद आणि बाबासाहेबांनी उभारलेल्या संघटना

धाराशिव तालुक्यातील कसबे तडवळे हे गाव आपल्या जिल्ह्यातील बौद्ध तरुणांना सांगावे लागत नाही. २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर या गावात आले होते. दर वर्षी फेब्रुवारीत तिथे गर्दी होते. बाबासाहेब ज्या शाळेत थांबले ती शाळा पाहायला लोक येतात आणि बैलगाड्यांच्या मिरवणुकीची आठवण निघते. आम्हीही अनेकदा गेलो आहोत. मात्र या गर्दीत एक प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. बाबासाहेब तडवळ्याला नेमके कशासाठी आले होते?

ते महार-मांग वतनदार परिषदेसाठी आले होते. नावातील प्रत्येक शब्द महत्त्वाचा आहे. महार आणि मांग या दोन समाजांना एका मांडवात बसवणे त्या काळी सोपे काम नव्हते, आजही नाही. आणि वतनदार हा शब्द ऐकून आजच्या मुलांना वाटते की हा काहीतरी मानाचा प्रकार असावा. पाटलाचे वतन मानाचे होते. महाराचे वतन म्हणजे कायद्याने बांधलेली वेठ होती.

मुंबई इलाख्यात १८७४ चा वंशपरंपरागत वतनांचा कायदा लागू होता. त्यानुसार महार वतनदाराने सरकारी काम कधीही सांगितले तरी करायचे. सांगावा पोचवायचा, अंमलदाराचे सामान वाहायचे, चावडीपुढे हजर राहायचे, रात्रीबेरात्री दुसऱ्या गावाला धावायचे. घरातला कर्ता गडी नसेल तर घरातल्या दुसऱ्या कुणीतरी जायचे, म्हणजे नोकरी एकाची आणि राबायचे सगळ्या कुटुंबाने. मोबदला म्हणून हाडोळ्याची तुटपुंजी इनाम जमीन आणि गावकऱ्यांकडून मिळणारे बलुते. सरकारचे काम, पण पोट गावाच्या हातात. महाराने पाणवठ्याचा किंवा शाळेचा हक्क मागितला की गाव बलुते बंद करी. तक्रार करायची तर ती ज्यांच्यापुढे करायची, त्यांच्याच दारात रोजचा हजेरीचा मामला. नागरी स्वातंत्र्य हा शब्द आपण पुस्तकात वाचतो तेव्हा डोळ्यांपुढे तुरुंग आणि वर्तमानपत्रावरची बंदी येते. बाबासाहेबांच्या डोळ्यांपुढे आधी ही चावडी होती. तिच्याविरुद्ध एकटा माणूस टिकत नाही, हे त्यांनी फार लवकर ओळखले आणि पुढची तीस-बत्तीस वर्षे ते एकामागून एक संघटना उभारत राहिले. त्यांच्या आयुष्याकडे आज आपण याच बाजूने पाहू.

जन्म १४ एप्रिल १८९१, महू. वडील सुभेदार रामजी लष्करात, त्यामुळे हे कुटुंब गावकीच्या वेठीतून बाहेर पडलेले होते. तरीही १९०१ साली वडिलांना भेटायला गोरेगावला निघालेली ही पोरे मसूर स्टेशनवर उतरली, तेव्हा गाडीवान मिळता मिळेना आणि रात्रभर प्यायला पाणी मिळेना. लष्करी पगार, स्वच्छ कपडे, हातात पैसे, यातले काहीच कामी आले नाही. पुढचा शिक्षणाचा प्रवास सर्वांना पाठ आहे : १९०७ ला मॅट्रिक, १९१२ ला बी.ए., १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ, मग लंडन, मध्ये बडोद्याची नोकरी आणि तिथला अपमान, सिडनहॅम कॉलेजातली प्राध्यापकी, पुन्हा लंडन. १९२० च्या ३१ जानेवारीला ‘मूकनायक’ सुरू झाले. १९२३ साली बाबासाहेब बॅरिस्टर आणि डी.एस्सी. होऊन मुंबईला परतले आणि त्यांनी वकिली सुरू केली.

अशा माणसाने त्या काळी काय केले असते? नोकरीचे मोठे पद घेतले असते, किंवा वकिलीत पैसा केला असता. बाबासाहेबांनी ९ मार्च १९२४ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये सभा बोलावली. त्यातून २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. दरम्यान मे महिन्यात ते आपल्या शेजारच्या बार्शीला परिषदेचे अध्यक्ष म्हणून येऊन गेले होते. म्हणजे तडवळ्याच्या १७ वर्षे आधीपासून हा भाग त्यांच्या पायाखालचा होता.

हितकारिणी सभेचे अध्यक्षपद त्यांनी सर चिमणलाल सेटलवाड यांना दिले. उपाध्यक्षांतही सवर्ण आणि पारशी मंडळी होती. व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष मात्र स्वतः बाबासाहेब, आणि चिटणीस सीताराम नामदेव शिवतरकर. यावर तेव्हाही टीका झाली आणि आजही आपले काही कार्यकर्ते नाक मुरडतात. मला त्यात व्यवहार दिसतो. सरकारदरबारी अर्ज गेला तर तो उघडून वाचला जावा, देणगी मागायला गेले तर दार उघडले जावे, यासाठी वजनदार नावे हवी होती. धोरण आणि काम हातातून सुटू दिले नाही, एवढे पुरे होते.

या सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापूरला वसतिगृह सुरू केले. वसतिगृह आणि नागरी हक्क यांचा काय संबंध, असे कुणी विचारील. गावात आलेला सरकारी हुकूम वाचता येणारा, नोटिशीवरची तारीख समजणारा, अर्ज लिहून त्याची पोच मागणारा मुलगा घरात असणे म्हणजे काय, हे आपल्या आजोबांना विचारा. ते सांगतील.

सभेला पहिली मोठी परीक्षा महाडला द्यावी लागली. सी. के. बोले यांच्या पुढाकाराने ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळाने ठराव केला होता की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. महाड नगरपालिकेनेही १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागद पूर्ण होता, पण तळ्यावर एकही अस्पृश्य जाऊ शकत नव्हता. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, आणि २० तारखेला बाबासाहेबांच्या मागे लोक तळ्याकडे चालत गेले व पाणी प्याले. परतताना त्यांच्यावर हल्ले झाले, डोकी फुटली. सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे, आर. बी. मोरे ही मंडळी त्या परिषदेच्या मागे होती. पुढे त्याच वर्षी ४ ऑगस्टला नगरपालिकेने आपला जुना ठराव मागे घेतला. तारीख पाहा, बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली होती.

डिसेंबर १९२७ मध्ये सत्याग्रह करायचा ठरला. विरोधकांनी १२ डिसेंबरला दिवाणी दावा लावला आणि १४ तारखेला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. दाव्यात प्रतिवादी कोण होते? बाबासाहेब, शिवतरकर, कृष्णाजी सयाण्णा कदम, गण्या मालू चांभार आणि कान्हू विठ्ठल महार. या शेवटच्या दोघांविषयी आपण कधी बोलतो का? बॅरिस्टरच्या नावाशेजारी आपले नाव कोर्टाच्या कागदावर येऊ देणे आणि मग गावात राहणे, याला किती छाती लागली असेल! २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले, ते सर्वांना माहीत आहे. त्याच परिषदेत आणखी एक कठीण निर्णय झाला. मांडवात हजारो माणसे सत्याग्रहाला तयार होती, तुरुंगात जायला तयार होती, आणि तरीही कोर्टाचा मनाई हुकूम आहे म्हणून बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला. लोक मिरवणुकीने तळ्याला वळसा घालून परत आले. अनेकांना ते पटले नव्हते. बाबासाहेबांचा हिशेब असा होता की समोर स्पृश्यांचा जमाव आहे तोवर लढा त्यांच्याशी आहे. सरकार आणि कोर्टही एकाच वेळी अंगावर घेतले तर गावागावातल्या माणसाला कुणीच वाली उरणार नाही. तो हुकूम २३ फेब्रुवारी १९२८ रोजी उठला. मूळ दाव्याचा निकाल महाडच्या कोर्टात ८ जून १९३१ ला लागला, ठाण्याला अपिलाचा निकाल ३० जानेवारी १९३३ ला, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा १७ मार्च १९३७ ला. तिन्ही ठिकाणी अस्पृश्यांची बाजू टिकली. तळे नगरपालिकेचे आहे, आणि अनादी काळापासूनची चाल म्हणून जी सांगितली जाते ती वादींना सिद्ध करता आलेली नाही, या मुद्द्यावर खटला संपला.

म्हणजे पाणी एका दुपारी प्यायले आणि ते कायद्याने आपले ठरायला दहा वर्षे लागली. दहा वर्षे तारखांना हजर राहणे, कागद जपणे, साक्षीदार टिकवणे. २० मार्चचा फोटो आपण भिंतीवर लावतो. १७ मार्च १९३७ ही तारीख किती जणांना ठाऊक आहे?

याच काळात बाबासाहेब मुंबई कायदेमंडळाचे नेमलेले सभासद होते. १९ मार्च १९२८ रोजी त्यांनी वतन कायदा बदलण्याचे विधेयक मांडले. वतनदाराला ठरलेला पगार मिळावा, कामाची यादी ठरावी, ज्याला वतन नको त्याला जमीन राखून त्यातून मोकळे होता यावे, असा त्याचा रोख होता. चिकित्सा समितीत त्याची पार मोडतोड झाली आणि २४ जुलै १९२९ ला त्यांनी ते मागे घेतले. हा पराभवच होता. तो विसरू नये, कारण पुढे तडवळ्याचा मांडव याच पराभवातून उभा राहिला.

इथे थोडे विषयांतर करतो. बाबासाहेबांची वकिली म्हटली की आपल्याला फक्त महाड आठवते. १९२६ साली ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तिकेवरून दिनकरराव जवळकर, केशवराव जेधे, बागडे वकील आणि पुस्तिकेचे मुद्रक यांना खालच्या कोर्टाने अब्रुनुकसानीत दोषी ठरवले. पुस्तिकेची भाषा कडवट होती. अपिलात बाबासाहेबांनी त्यांची बाजू लढवली आणि ते सुटले. १९३४ साली र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला. लैंगिक प्रश्नांवर वाचकांच्या शंकांना उत्तरे दिली, हा त्यांचा गुन्हा. कर्व्यांच्या बाजूने उभे राहायला फारसे कुणी तयार नव्हते. बाबासाहेब उभे राहिले आणि हरले. या दोन्ही खटल्यांत समाजाच्या मतांचा हिशेब करून चालले असते तर लांब राहणेच सोयीचे होते. एका ब्राह्मण घरातल्या मासिकवाल्यासाठी आपण का भांडावे, असा प्रश्न त्यांना पडलेला दिसत नाही.

१९३० च्या गोलमेज परिषदेत बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी अस्पृश्यांच्या संरक्षणाची योजना सादर केली. तिच्यातली पहिली कलमे मूलभूत हक्कांची आहेत. समान नागरिकत्व, आणि त्या हक्काच्या आड येणाऱ्याला शिक्षा. अमेरिकेत गुलामगिरी संपल्यावर काळ्या नागरिकांसाठी जे नागरी हक्कांचे कायदे झाले, त्यांचा त्यांनी आधार घेतला. त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. सामाजिक बहिष्कार हा गुन्हा मानावा, अशी त्यांची मागणी होती, आणि त्यासाठी नमुना म्हणून ब्रह्मदेशचा १९२२ चा बहिष्कारविरोधी कायदा पुढे ठेवला होता. मारहाण दिसते, तिची फिर्याद होते. पण दुकानदार माल देत नाही, शेतावर काम मिळत नाही, पिठाची गिरणी बंद, वाट बंद, यातल्या कशाची फिर्याद करायची? आपल्या राज्यात सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१६ साली मंजूर झाला आणि ३ जुलै २०१७ पासून लागू झाला. अॅट्रॉसिटी कायद्यात सामाजिक व आर्थिक बहिष्काराचे कलम २०१५ च्या दुरुस्तीने आले. मागणी १९३० ची आहे.

आता त्या पत्राकडे येतो, ज्यासाठी खरे तर हा लेख लिहायला घेतला. २४ सप्टेंबर १९३२ ला पुणे करार झाला. त्यानंतर गांधीजींच्या प्रेरणेने अस्पृश्यता निवारणासाठी एक अखिल भारतीय संस्था निघाली, तीच पुढे हरिजन सेवक संघ म्हणून ओळखली गेली. तिचे सरचिटणीस अमृतलाल ठक्कर होते. तिसऱ्या गोलमेज परिषदेला जाताना ‘व्हिक्टोरिया’ बोटीवरून १४ नोव्हेंबर १९३२ रोजी बाबासाहेबांनी ठक्करांना सविस्तर पत्र लिहिले. कराराचे घाव ताजे असतानाही त्यांनी टोमणे मारत बसण्याऐवजी या संस्थेने काय काम करावे याचा आराखडाच लिहून पाठवला.

त्या आराखड्याचा गाभा असा. दलित वर्गाच्या उद्धाराच्या दोन वाटा आहेत. एक वाट अशी की माणसाच्या दुःखाचे कारण त्याच्याच वागण्यात आहे असे समजायचे, मग त्याला दारू सोडायला सांगायचे, स्वच्छ राहायला सांगायचे, शाळा-ग्रंथालये काढून द्यायची आणि व्यक्ती सुधारायची. दुसरी वाट अशी की दुःखाचे कारण भोवतालच्या परिस्थितीत आहे हे ओळखायचे आणि ती परिस्थिती बदलायची. बाबासाहेबांनी संस्थेला दुसऱ्या वाटेने जायला सांगितले. सर्वांत आधी नागरी हक्कांची मोहीम घ्या : विहिरीवर पाणी, शाळेत प्रवेश, गावातल्या वाहनात बसणे, चावडीत प्रवेश. हे शहरात ठराव करून होणार नाही. खेड्यात कार्यकर्त्यांची फौज लागेल, जी अस्पृश्यांना हक्क बजावायला बळ देईल आणि प्रकरण कोर्टात गेले तर शेवटपर्यंत सोबत राहील. यातून गावात संघर्ष होईल, कदाचित डोकी फुटतील, याची जाणीवही त्यांनी दिली होती. त्याशिवाय गाव आपला रोजचा व्यवहार तपासून पाहणार नाही, असे त्यांचे मत होते. मग समान संधी, म्हणजे गिरण्यांत, कचेऱ्यांत, दुकानांत काम. मग सामाजिक मिसळणे. आणि कार्यकर्ते नेमताना अस्पृश्य समाजातूनच घ्या, कारण भाडोत्री माणूस आणि कळवळ्याचा माणूस यांत फरक असतो.

या पत्राची साधी पोचही आली नाही, असे बाबासाहेबांनी पुढे आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवले. त्या संस्थेने शाळा, वसतिगृहे, विहिरी अशी कामे केली. काहींना त्याचा उपयोगही झाला. पण विहीर वेगळी खणून दिली की गावची विहीर बंदच राहते. मला वाटते, ते पत्र आपल्याकडच्या प्रत्येक संस्थेच्या कपाटात असले पाहिजे, बौद्ध संस्थांच्याही. आपणही आता व्यसनमुक्ती शिबिरे आणि गुणवंतांचे सत्कार यांतच रमलो आहोत. ती कामे वाईट नाहीत. परंतु सत्काराला शंभर माणसे आणि पोलीस ठाण्यात फिर्याद नोंदवून घ्यायला गेलेल्या बाईबरोबर दोन माणसे, हे चित्र मी स्वतः आमच्या भागात पाहिले आहे.

१९३६ मध्ये जवाहरलाल नेहरूंच्या पुढाकाराने देशात नागरी स्वातंत्र्य संघ स्थापन झाला. त्याची नजर साहजिकच इंग्रज सरकारच्या दडपशाहीवर होती. त्याच वर्षी बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १७ सप्टेंबर १९३७ ला खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ ला शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिलवर नेला. त्या वर्षी मुंबईच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने औद्योगिक कलह विधेयक आणले, ज्याने ठरावीक परिस्थितीत संप करणे गुन्हा ठरणार होते. बाबासाहेबांनी विधिमंडळात मांडलेली बाजू थोडक्यात अशी : काम सोडणे हा माणसाचा हक्क आहे, त्याला तुरुंगाची भीती घालून कामाला लावणे म्हणजे गुलामी. वतनाबद्दल ते जे म्हणत होते तेच आता गिरणी कामगाराबद्दल म्हणत होते. ७ नोव्हेंबर १९३८ ला संप झाला. ज्या कम्युनिस्टांशी त्यांचे पटत नव्हते त्यांच्या खांद्याला खांदा लावून ते उतरले. गोळीबार झाला. विधेयक तरीही मंजूर झाले.

आपल्या भागाची स्थिती वेगळी होती. निजामाच्या राज्यात सभा भरवायची तर आधी सरकारची परवानगी लागे. गश्ती निशाण ५३ या नावाने तो हुकूम ओळखला जाई, आणि जुन्या माणसांच्या तोंडी ते नाव बरीच वर्षे होते. धर्म, शिक्षण, वाचनालय अशा नावाखाली लोकांना एकत्र यावे लागे. तिथे दलितांवर दुहेरी ओझे होते, वरून निजामाचा हुकूम आणि खालून गावकी. ३० डिसेंबर १९३८ रोजी भाऊसाहेब मोरे यांनी कन्नडजवळ मक्रणपूरला परिषद भरवली आणि बाबासाहेब तिला आले. मराठवाड्यातल्या चळवळीचा हा मोठा टप्पा आहे आणि त्यावर स्वतंत्रपणे लिहायला हवे.

वतनाचा प्रश्न पुन्हा पेटला होता. १६ डिसेंबर १९३९ ला नगर जिल्ह्यात हरेगावला महार, मांग आणि वेठिया यांची परिषद झाली. त्यानंतर फेब्रुवारी १९४१ मध्ये तडवळे, आणि त्याच वर्षी १६ ऑगस्टला नाशिक जिल्ह्यात सिन्नर, जिथे वतन जमिनीवरच्या वाढीव जुडीला विरोध झाला. या तीन परिषदा एका माळेत ठेवून पाहिल्या तर तडवळ्याचा अर्थ लागतो. १९२९ ला कायदेमंडळात हरलेला प्रश्न बाबासाहेबांनी गावागावांतल्या वतनदारांच्या हातात दिला होता. मुंबईतला वकील विधेयक मांडू शकतो, पण तराळकी नाकारायची ती तडवळ्याच्या, ढोकीच्या, येडशीच्या माणसालाच. त्यासाठी महार आणि मांग एकत्र हवेत, कारण एकाने काम नाकारले की ते दुसऱ्याच्या गळ्यात घालायची गावाची जुनी रीत होती.

१८ ते २० जुलै १९४२ ला नागपूरच्या परिषदेत शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झाले. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळू लागले होते. सत्तेत गेले तरी बाहेर दबाव ठेवणारी संघटना लागतेच, हे त्यांनी सोडले नाही. १९४६ साली त्यांनी अमेरिकेतील काळ्यांचे नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. तिथल्या एका काळ्या संघटनेने संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचे त्यांच्या वाचनात आले होते. त्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती, कारण भारतातील अस्पृश्यांनीही तसे करावे असा विचार मनात होता. ड्यू बॉइस यांनी उत्तर दिले. दोन खंडांतल्या दोन संघटना एकमेकींचा अर्ज कसा लिहिला हे विचारतात, यात मला मोठे शहाणपण दिसते.

१९४७ च्या मार्चमध्ये फेडरेशनच्या वतीने तयार केलेले ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन प्रसिद्ध झाले. संविधान सभेत निवडून जाण्याची वाटच बंद झाली तर आपले म्हणणे कागदावर राहावे, असा त्यामागे सावध विचार होता. वेठ हा गुन्हा, बहिष्कार हा गुन्हा, हक्क मोडल्यास दाद मागण्याची सोय, हे सारे त्यात आहे. पुढे ते २९ ऑगस्ट १९४७ ला मसुदा समितीवर आले. संविधानात कलम १७ ने अस्पृश्यता संपवली, कलम २३ ने वेठबिगारी. आणि ज्याच्यामुळे नागरिकाला थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येते त्या कलम ३२ ला त्यांनी सगळ्या संविधानात सर्वांत महत्त्वाचे मानले. महाडचे दहा वर्षांचे कोर्ट ज्याने पाहिले, त्याला हे कलम एवढे मोलाचे का वाटले हे समजायला कठीण नाही.

१९५४ साली अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांचे विधेयक राज्यसभेत आले तेव्हा बाबासाहेब विरोधी बाकावर होते. विधेयकाच्या नावालाच त्यांनी हरकत घेतली. या कायद्याचे नाव नागरी हक्क संरक्षणाचे असावे, असे त्यांनी सुचवले. अस्पृश्यता पाळणारा फक्त एक गुन्हा करत नाही, तो एका नागरिकाचे हक्क हिरावतो, हा त्यातला मुद्दा. १९५५ मध्ये कायदा अस्पृश्यता अपराध कायदा याच नावाने झाला आणि त्यातले गुन्हे तडजोडीने मिटवता येत. १९७६ मध्ये दुरुस्ती होऊन तडजोडीची वाट बंद झाली आणि कायद्याचे नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झाले. तोपर्यंत सुचवणाऱ्याला जाऊन वीस वर्षे होत आली होती.

एक गोष्ट मोकळेपणाने मांडली पाहिजे. बाबासाहेबांच्या संघटना त्यांच्या स्वतःच्या खांद्यावर उभ्या होत्या. ‘मूकनायक’ तीन वर्षांत बंद पडले, ‘बहिष्कृत भारत’ १९२९ च्या अखेरीस थांबले. पैसा नव्हता, पूर्णवेळ माणसे नव्हती. एक संघटना मागे ठेवून दुसरी काढावी लागली. १४ ऑक्टोबर १९५६ ला धम्मदीक्षा झाली आणि ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. ३ ऑक्टोबर १९५७ ला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि त्याची पुढची फाटाफूट वाचकांना मी सांगायला नको. निवडणुकीची संघटना म्हणून आपण त्यावर पुष्कळ रडलो. पण पक्ष सोडून जे दुसरे काम होते, खटल्याच्या तारखा सांभाळण्याचे आणि गावातल्या फिर्यादीमागे उभे राहण्याचे, ते कुणी वारशाने घेतले, याचा हिशेब मांडायला आपण तयार नसतो. अॅट्रॉसिटी नियमांप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता व नियंत्रण समिती असते, तिची तीन महिन्यांतून एकदा तरी बैठक व्हावी लागते, उपविभागातही तशी समिती असते. त्या बैठकीचे इतिवृत्त मागणारा अर्ज आपल्या तालुक्यातून शेवटचा कधी गेला?

मुंबई राज्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा १९५८ साली केला. १९२८ च्या विधेयकाला तीस वर्षे झाली होती आणि ते मांडणारे बाबासाहेब हयात नव्हते. निजामाच्या राज्यातून आलेल्या मराठवाड्याच्या इनाम जमिनींना १९५४ चा हैदराबादचा वेगळा कायदा लागू आहे. हाडोळ्याच्या जमिनीचे कागद, फेरफार आणि ताब्याचे वाद घेऊन आपली माणसे अजून तहसीलच्या पायऱ्या चढतात, आणि बहुतेक वेळा एकटीच चढतात.